विद्यापीठाचा जमाखर्च



या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात, कधी एखादे डॉक्टर बोलतात. हमालांच्या आणि गिरणी कामगारांच्या वर्गण्या गोळा करण्यात ज्याचा जन्म गेला अशा माणसाला आपण येथे उभे केले आणि वर विषय दिला विद्यापीठाचा! चालक निमंत्रण घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, माझी शाळा सातवीत सुटली. विद्यापीठाचे फाटक मी ओलांडले ते पाठीमागे माणसे आणि हातात मागण्यांचा कागद घेऊन." ते म्हणाले, "मग तेथे काय दिसले तेवढेच सांगा." तेवढेच सांगणार आहे. माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. जमाखर्च मात्र सापडेल, कारण युनियनच्या माणसाला दुसरे काही आले नाही तरी जमाखर्च वाचता यावाच लागतो.

माझे वडील जिनिंगमध्ये गाठी बांधण्याच्या कामावर होते. कापसाचा हंगाम संपला की काम संपे आणि उसनवारी सुरू होई. शाळा सुटल्यावर मीही तेथेच रुई वाहू लागलो. पुस्तके वाचायला शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, आणि ताळेबंद वाचायला शिकलो ते मालकाशी भांडता भांडता. हे सांगतो ते कौतुकासाठी नव्हे. पुढे मी जे बोलेन ते कोणत्या खिडकीतून पाहून बोलतो आहे, हे आपणांस ठाऊक असावे म्हणून सांगतो.

सार्वजनिक पैशाच्या हिशेबाविषयी उमरीत बोलायचे तर आरंभ कोठून करावा हे कोणी सांगावे लागत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी येथील बँकेवर हल्ला करून निजामी सत्तेचे लक्षावधी रुपये हस्तगत केले. ही गोष्ट येथील लहान मुलालाही माहीत आहे. परंतु त्या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक मोठा वाटतो. तो पैसा आपला नाही, चळवळीचा आहे, ही जाणीव ठेवून त्याचा हिशेब राखण्यात आला आणि पुढे तो सादर करण्यात आला. बंदूक चालविणारे पुष्कळ असतात. बंदूक खाली ठेवल्यावर वही उघडणारे थोडे.

त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. संन्यास घेण्यापूर्वी त्यांचे नाव व्यंकटेश खेडगीकर होते, आणि तरुणपणी ते कामगार चळवळीचे आद्य पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव होते. म्हणजे ज्यांच्या नावाने नांदेडला विद्यापीठ उभे आहे, ते मूळचे आमच्याच बिरादरीतले! हे आठवले म्हणजे विद्यापीठाविषयी बोलण्याचा थोडा हक्क मलाही आहे असे वाटू लागते.

हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्याच दिवशी, स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्याकडे आहेत. त्यापूर्वी आपल्या मुलांची विद्यापीठाची वाट औरंगाबादेस जात असे. तेथे मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. त्याही आधी हैदराबाद गाठावे लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. ज्या मुलखात दोन पिढ्यांपूर्वी पदवीधर पाहायला गावोगाव फिरावे लागले असते, त्या मुलखात विद्यापीठ म्हणजे केवढी कमाई, हे आपण विसरता कामा नये. कमाई लोकांची असेल तर तिचा जमाखर्चही लोकांनी पाहिला पाहिजे.

आता तो जमाखर्च पाहू. सार्वजनिक विद्यापीठाच्या तिजोरीत पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट राज्य सरकारची. जी पदे सरकारने मंजूर केली आणि भरू दिली, त्यांच्या वेतनापुरते अनुदान या वाटेने येते. दुसरी वाट तुमच्याआमच्या खिशाची. परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क, महाविद्यालयांचे संलग्नता शुल्क ही सारी त्यात आली. तिसरी वाट संशोधन प्रकल्पांची. एखादा अध्यापक दिल्लीला अर्ज करतो, तो मंजूर झाला तर यंत्रासाठी, रसायनांसाठी आणि एखाददुसऱ्या साहाय्यकासाठी ठरावीक मुदतीपुरता पैसा मिळतो.

यात कात्री कशी लागते पाहा. कोणी उठून "आम्ही विद्यापीठाचा पैसा कापला" असे जाहीर करीत नाही. एक अध्यापक निवृत्त होतो. त्याची जागा भरण्यास परवानगी येत नाही. जागा भरली नाही म्हणून तिचे वेतनही येत नाही. वर्ग तर ओस ठेवता येत नाही, मग त्या जागी कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर माणूस घेतात, आणि त्याचा मेहनताना विद्यापीठ आपल्या निधीतून, म्हणजे दुसऱ्या वाटेच्या पैशातून देते. सरकारचा भार अशा रीतीने हळूच विद्यार्थ्याच्या डोक्यावर येऊन बसतो. करोनाच्या साथीत, ४ मे २०२० रोजी, राज्याच्या वित्त विभागाने विकासाच्या खर्चाला कात्री लावली आणि नव्या भरतीला मनाई केली. ते संकट मोठे होते हे मान्य. परंतु जागा रिकाम्या ठेवण्याची सवय साथीच्या पुष्कळ आधीची आहे आणि साथ ओसरल्यावरही ती सुटलेली नाही. पुणे आणि मुंबई यांसारख्या मोठ्या विद्यापीठांनीही अलीकडे तुटीची अंदाजपत्रके मांडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला तो आपल्याला आठवत असेल. परीक्षा खोळंबल्या म्हणून लोक रागावले. पण मंजूर पदावरचा एक माणूस तीन टेबलांचे काम करतो हेही त्या संपाने लोकांपुढे आणले.

दिल्लीकडे पाहावे तर तेथेही वारा तोच. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तेच पुन्हा सांगितले. मधल्या चौपन्न वर्षांत तो टप्पा गाठला गेला नाही, आजही गाठलेला नाही. संशोधनावर आपला देश उत्पन्नाच्या पाऊण टक्काही खर्च करीत नाही. चीन सुमारे अडीच टक्के करतो. २०१७ मध्ये केंद्राने उच्च शिक्षणासाठी वित्तपुरवठा करणारी एक संस्था काढली. ती केंद्रीय संस्थांना इमारती आणि साधनसामग्रीसाठी जे देते ते कर्ज असते. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला आणि पाच वर्षांसाठी पन्नास हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यातील सुमारे छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यावेत अशी अपेक्षा धरलेली आहे. अपेक्षा धरायला पैसे पडत नाहीत!

अशा वेळी विद्यापीठांना एक मार्ग दाखविला जातो: रिसर्च पार्क आणि स्टार्टअप. शब्द नवे आहेत, गोष्ट समजायला सोपी आहे. विद्यापीठाच्या आवारात किंवा शेजारी जागा काढायची, तेथे कंपन्यांना प्रयोगशाळा आणि कचेऱ्या थाटू द्यायच्या. त्यांना विद्यापीठाचे अध्यापक आणि विद्यार्थी हाताशी मिळतात, विद्यापीठाला भाडे आणि काम मिळते. हे झाले रिसर्च पार्क. एखाद्या विद्यार्थ्याला कल्पना सुचली तर तिची कंपनी होईपर्यंत त्याला टेबल, वीज, यंत्र, सल्ला आणि थोडे भांडवल द्यायचे, ते झाले उद्योगाचे उबवणी केंद्र. पुणे विद्यापीठाच्या आवारात विज्ञान व तंत्रज्ञान पार्क १९८६ साली निघाले. मद्रासच्या आय.आय.टी.चे रिसर्च पार्क २०१० मध्ये सुरू झाले आणि त्याचा देशभर बोलबाला झाला. १६ जानेवारी २०१६ ला केंद्राने स्टार्टअप इंडिया मोहीम सुरू केली. त्याच वर्षी झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात या कामासाठी स्वतंत्र संचालक नेमण्याची तरतूद केली. म्हणजे ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. ती आता नांदेडच्या विद्यापीठालाही कायद्याने लागू आहे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो. एका हाताने जागा रिकाम्या ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने पार्क उभारायचे, हे गणित जुळते काय? मी त्याचे उत्तर दोन गोष्टींवरून शोधले. एक दूरदेशची आहे, एक आपल्या घरची.

दूरची गोष्ट अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. तेथील स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे हजारो एकर जमीन होती आणि हाती रोकड कमी होती. देणगीदाराची अट अशी की जमीन विकता येणार नाही. मग त्यांनी ती भाडेपट्ट्याने देऊन १९५१ मध्ये औद्योगिक पार्क काढले. जगातील साऱ्या रिसर्च पार्कांचा हा मूळपुरुष. लोक ही गोष्ट येथून सुरू करतात आणि म्हणतात, "पाहा, जमीन दिली आणि सोने पिकले!" मला मात्र एक प्रश्न पडला. त्या पार्कात पहिले भाडेकरू आले ते कोण? ती व्हेरियन नावाची कंपनी होती. आणि हे व्हेरियन आले कोठून?

ते आले त्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून. १९३७ मध्ये रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या दोन भावांना विद्यापीठाने प्रयोगशाळा वापरू दिली आणि वर्षाला शंभर डॉलरचे साहित्य दिले. शोध लागलाच तर त्याच्या उत्पन्नात विद्यापीठाचा निम्मा वाटा असे ठरले. तेथे विल्यम हॅन्सन नावाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक काम करीत होते. त्यांनी आधी जे शोधून ठेवले होते त्याच्या आधारावर या भावांनी क्लिस्ट्रॉन नावाची नळी बनविली. पुढे रडारच्या कामात तिचा मोठा उपयोग झाला आणि विद्यापीठाला स्वामित्वधनाचे पुष्कळ उत्पन्न मिळाले. कंपनी निघाली १९४८ मध्ये आणि पार्क निघाले १९५१ मध्ये. शिवाय युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात अमेरिकेच्या सरकारने विद्यापीठांतील संशोधनावर पाण्यासारखा पैसा ओतला. आता क्रम लक्षात घ्या. आधी वेतनावर असलेला अध्यापक, मग प्रयोगशाळेची किल्ली, मग शोध, मग कंपनी, आणि सर्वांच्या शेवटी पार्क. आपण ती गाडी शेवटच्या डब्याकडून ओढू पाहतो आहोत.

घरची गोष्ट याहून बोलकी आहे. येथे बसलेल्या शेतकऱ्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्या सर्वांनी 'नांदेड ४४' पेरला असेल. हा कापसाचा संकरित वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८० च्या दशकात शेतकऱ्यांच्या हाती आला. कोरडवाहू रानात तग धरणारा, रस शोषणाऱ्या किडीला सहजी न नमणारा. मराठवाड्यात तो पेरला गेलाच, विदर्भातही आणि त्यापलीकडेही गेला. आमच्या जिनिंगमध्ये त्याच्या गाड्यांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. हमालीचा दर आम्ही वाढवून मागू शकलो तो त्या रांगांच्या जोरावर.

हा वाण कोणत्या पार्कात जन्मला? त्यासाठी कोणत्या कंपनीने भांडवल घातले? तेथे एक सरकारी शेत होते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसे होती. संकर करायचा म्हणजे आज दुपारी उद्या उमलणारी कळी हेरायची, तिच्यातील पुंकेसर हाताने काढून टाकायचे, ती झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग तिच्यावर घासायचे. एकेक फूल करीत. हे नाजूक काम बहुतेक बायकांच्या बोटांनी होते. त्यातून आलेले बी पेरायचे, निवडायचे, पुन्हा पेरायचे, वेगवेगळ्या जमिनींत पडताळून पाहायचे. यात वर्षे जातात. मधल्या एखाद्या वर्षी माणूस कमी केला तर पुढच्या वर्षी ते काम सुरू ठेवता येत नाही. ते पहिल्या फुलापासून पुन्हा धरावे लागते.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस आला. तो जनुक कंपन्यांच्या हाती होता आणि त्यांनी तो आपापल्या वाणांत घातला. नांदेड ४४ मध्ये तो नव्हता. सार्वजनिक संस्थांनी प्रयत्न केले, परंतु त्यांना यश येईपर्यंत इतकी वर्षे गेली की बाजार कंपन्यांच्या पाकिटांनी भरून गेला होता. जो वाण आपल्या मातीत, आपल्या पैशाने तयार झाला, तो आपल्याच दुकानातून दिसेनासा झाला. सार्वजनिक संशोधन मागे पडले म्हणजे त्याची किंमत कोण देतो? बियाण्याचे पाकीट विकत घेणारा देतो.

मंडळी, शेतकऱ्याच्या घरी एक पोते वेगळे ठेवलेले असे. कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावायचा नाही, कारण ते पुढच्या वर्षीचे बियाणे. मंजूर पदावरचा अध्यापक, त्याच्या हाताखालचा प्रयोगशाळा साहाय्यक, चालू असलेले यंत्र आणि वेळेवर आलेली रसायने हे विद्यापीठाचे बियाण्याचे पोते आहे. पार्क हे पीक आहे. बियाणे दळून खायचे आणि शेताला नवे फाटक बसवायचे, याला शेती म्हणत नाहीत.

याचे एक उदाहरण माझ्या कचेरीत चालत आले. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. एम.एस्सी. झालेला, सेट उत्तीर्ण, दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारा. सकाळी एका गावी, दुपारी रेल्वेने दुसऱ्या गावी. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. सुटीत काही नाही. त्याने एक काम हाती घेतले होते. कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाट्या उरतात. त्या लवकर कुजत नाहीत, म्हणून शेतकरी त्या जाळतो. त्या पऱ्हाट्या लवकर कुजवून त्यांचे खत करील अशी बुरशी त्याने आपल्याच शिवारातून शोधली होती. परीक्षानळ्यांत तो ती जगवीत होता. नवउद्योगांच्या एका स्पर्धेत त्याला प्रशस्तिपत्र मिळाले, छायाचित्रही छापून आले.

मार्चअखेरीस त्याची नेमणूक संपली आणि प्रयोगशाळेची किल्ली त्याला परत करावी लागली. नियमच तसा. पुढच्या सत्रात नेमणुकीचा कागद निघेपर्यंत पावसाळा अर्धा सरला होता. मधल्या काळात त्या नळ्यांकडे पाहणारे कोणी नव्हते. शीतकपाट बंद पडून राहिले होते. त्याने दार उघडले तेव्हा नळ्या वाळून गेल्या होत्या. तो माझ्याकडे आला तो थकलेल्या पगारासाठी. तो पगार आम्ही भांडून मिळवून दिला. बुरशी मात्र कोणत्याही कामगार न्यायालयातून परत मिळत नाही. आज तो पुण्यात एका कंपनीत माल तपासण्याचे काम करतो, वेळेवर पगार घेतो. त्याला मी दोष देत नाही. परंतु विद्यापीठांच्या नवउद्योगांच्या चर्चा ऐकतो तेव्हा मला ती किल्ली आठवते.

येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल की हा माणूस पार्काच्या विरुद्ध आहे. एके काळी होतो. विद्यापीठाची एक वीतही जमीन कंपनीला द्यायची नाही, अशा घोषणा मी दिल्या आहेत. आज तसे म्हणत नाही, आणि त्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे.

मी एका सूतगिरणीत कामाला होतो आणि तेथेच युनियनचा कार्यकर्ता झालो. दर दिवाळीला आम्ही बोनससाठी लढायचो आणि बहुतेक वेळा जिंकायचो. साचे जुने होते, चात्या वारंवार बंद पडत, धागा तुटे. ताळेबंदात घसाऱ्याची रक्कम दर वर्षी लिहिलेली असे, ती मी वाचीत असे. त्या रकमेतून नवी यंत्रे का येत नाहीत, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. तो मालकाचा प्रश्न, आपला नव्हे, असे मला वाटे. एके दिवशी फाटकाला कुलूप लागले. शेवटच्या वर्षाचा बोनस आम्ही मिळविला होता आणि नोकरी गेली होती. मालकाची चूक होतीच, पण माझीही होती. आजचा पगार राखणे हे निम्मे काम. उद्याचे काम कोठून येणार हे पाहणे हे उरलेले निम्मे, आणि ते मी केले नाही.

म्हणून आज मी म्हणतो, आपली हजारो मुले पदव्या घेऊन बसली आहेत. त्यांच्यासाठी उद्योग निघायला हवेत, आणि विद्यापीठाने हातावर हात ठेवून बसणे बरोबर नाही. कुलगुरूंच्या खुर्चीवर मला बसविले तर मलाही वीजबिल भरावे लागेल, परीक्षा वेळेवर घ्याव्या लागतील, आणि सरकारचे अनुदान येईपर्यंत दुसरी वाट शोधावी लागेल. त्यांची अडचण खरी आहे. पार्क काढावे. फक्त ते कशाच्या जिवावर काढतो हे पाहून काढावे.

जमिनीच्या बाबतीत मुंबईने आपणांस धडा दिलेला आहे. तेथील गिरण्यांची जमीन विकून किंवा विकसित करून आजारी गिरण्या सुधाराव्यात, या नावाखाली १९९१ मध्ये नियम झाला. एक तृतीयांश जमीन शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्याची होईल असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. गिरण्या सुधारल्या नाहीत. तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि गिरणी कामगार घराच्या सोडतीच्या रांगेत उभा राहिला. सुधारणेच्या नावाने जमीन सोडली आणि अटी सैल ठेवल्या, म्हणजे काय होते हे गिरणगावात जाऊन पाहावे.

तेव्हा माझ्या मागण्या चार. युनियनचा माणूस मागण्यांवाचून भाषण संपवीत नाही!

पहिली मागणी जमिनीची. विद्यापीठाची जमीन विकली जाऊ नये. भाडेपट्टा मुदतीचा असावा, आणि ज्या कंपनीने संशोधन सोडून नुसती कचेरी थाटली तिचा पट्टा रद्द करण्याचे कलम त्यात असावे. विद्यापीठाचे विद्यार्थी तेथे कामाला लागले काय, हे दर वर्षी मोजले जावे.

दुसरी मागणी पैशाची. पार्काच्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा आधी प्रयोगशाळांना मिळावा. आणि हे उत्पन्न दाखवून सरकारने पदांच्या वेतनातून अंग काढून घेऊ नये. मुलगा मिळवू लागला म्हणून बापाने शेत पडीक टाकावे, तसे ते होईल. नवे उद्योग बहुतेक वेळा बुडतात. जगात सगळीकडे बुडतात, त्यात लाज नाही. परंतु त्यांचा तोटा विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कातून भरला जाऊ नये.

तिसरी मागणी वहीची. अशी पार्के चालविण्यासाठी विद्यापीठे पुष्कळदा कंपनी कायद्याखाली वेगळी संस्था काढतात. पुणे विद्यापीठाने रिसर्च पार्कासाठी असे प्रतिष्ठान काढले आहे. काम चपळाईने व्हावे हा हेतू चांगला. पण वही वेगळी झाली म्हणजे नजरेआड होण्याचीही भीती असते. त्या संस्थेचा ताळेबंद दर वर्षी अधिसभेपुढे, विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाच्या शेजारी ठेवला जावा.

चौथी मागणी माणसांची. ज्याच्या हाती संशोधन चालू आहे त्याची नेमणूक मार्चमध्ये तोडून पावसाळ्यात पुन्हा जोडू नये. काम संपेपर्यंत किल्ली त्याच्याजवळ राहावी. पेटंट निघाले तर प्रयोगशाळा साहाय्यकालाही त्यात वाटा असावा. आणि झगमगीत इमारतीची फरशी पुसणाऱ्या बाईचा भविष्यनिर्वाह निधी कंत्राटदाराने भरला की नाही, हेही त्याच अहवालात लिहिलेले असावे. एका शिक्षणसंस्थेत सफाई कामगारांचे ते पैसे तीन वर्षे भरलेच गेले नव्हते. बाहेर फलकावर मात्र 'उत्कृष्टता केंद्र' असे लिहिलेले होते.

आपण विचाराल, हे उमरीत बसून आम्ही कसे करावे? एक सोपी गोष्ट आहे. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. अंदाजपत्रक त्याच सभेपुढे येते. या मंडपात किती पदवीधर बसले आहेत? आणि त्यांपैकी किती जणांनी मतदार म्हणून नाव नोंदविले आहे? हात वर करायला सांगत नाही, सभेची शोभा जाईल! पण घरी जाऊन आपल्या मुलांची, सुनांची, लेकींची नावे नोंदवा. तिकडे जाणाऱ्या प्रतिनिधीला निवडणुकीपूर्वी उमरीला बोलवा आणि त्याला तीन आकडे विचारा. मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि पार्कावर व नवउद्योगांवर गेलेला पैसा कोणत्या खात्यातून गेला. उत्तर आले नाही तर पुढच्या वसंतात त्यालाच व्याख्यानाला बोलवा.

उमरीच्या बँकेतील पैसा ज्यांनी हस्तगत केला, त्यांच्यावर हिशेब मागणारे सरकार नव्हते, लेखापरीक्षक नव्हता. जीव मुठीत घेऊन फिरताना त्यांनी तो हिशेब ठेवला. आपल्यासमोर तर कायदा आहे, सभा आहे, मत आहे. त्यांच्या गावच्या लोकांनी विद्यापीठाची वही उघडून पाहायला मागितली, तर त्यात आगळीक कसली?